मैदान सुटल्यावर पुढे काय?

(रायपूर इथे पदवीधर तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेळ सुटल्यावर खेळाडू कुठे जातो, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यासाठी मला पालवणकर बाळूंपासून सुरुवात करावी लागते.

बाळू चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना ४ रुपयांवर ते मैदान राखायचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायचे. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतलं, कारण जिंकायचं होतं. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १००हून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२३मध्ये ते धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

आणि खेळ संपल्यावर? हाताशी उरलं ते नाव. ते नाव इतरांच्या कामी आलं. १९३२च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाळू हरले.

त्यांना फितूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी वेगळं विचारते: त्यांच्यासाठी दुसरी कोणती दारं उघडी होती? बाबासाहेबांकडे शिक्षण होतं आणि १९३६मध्ये उभा केलेला आपला स्वतंत्र मजूर पक्ष होता. बाळूंकडे लोकांच्या टाळ्या होत्या. टाळ्या देणारा त्या कधीही थांबवू शकतो.

खाशाबा जाधव दलित नव्हते. १९५२मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकून आले, तरी १९५५मध्ये फौजदार म्हणून पोलिसात लागले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पदकवीराची ही गत, तर ज्याच्यामागे ना जमीन, ना जात, त्याचं काय?

आपल्या घरांत क्रीडा कोट्यातली नोकरी म्हणजे पहिला पक्का पगार. ती जरूर घ्या. पण गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून खेळणाऱ्या भावा-बहिणीची पदवी अर्धवट राहू देऊ नका. आणि एक प्रश्न विचारत राहा: संघात आपली मुलं दिसतात, मग निवड समितीत, प्रशिक्षकांत, संघटनेच्या कार्यालयात कोण बसतं?

बाळूंना चेंडू मिळाला, खुर्ची मिळाली नाही. पदवी मिळवलेल्या आपल्या पिढीने आता त्या खुर्चीबद्दल बोलायला हवं.

जय भीम.