परक्या पृष्ठभागावर पाण्याचा पहारा



माझ्या विषयाचे नाव जड आहे : पृष्ठभागावर प्रथिने साचू न देणारे पॉलिमरचे लेप. परंतु त्याची तोंडओळख आपल्याला स्वयंपाकघरातच झालेली असते. दूध तापवण्यापूर्वी घरातील बायका पातेले पाण्याने विसळतात आणि न पुसता त्यात दूध ओततात. दूध तळाला कमी लागावे, म्हणून पातेले व दूध यांच्यामध्ये पाणी ठेवण्याची ही युक्ती. हे पाणी थोड्याच वेळात दुधात मिसळून जाते. न हलणारे पाणी पृष्ठभागावर कसे बसवावे, हा शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न होता.

प्रथिनाचा रेणू म्हणजे घड्या घालून गुंडाळलेला लांब धागा. पाण्याशी न पटणारे त्याचे भाग बहुतांशी आत दडलेले असतात. काच, धातू किंवा प्लॅस्टिक यांचा परका पृष्ठभाग भेटला की या घड्या उलगडू लागतात, आतले भाग त्याला चिकटतात आणि रेणू तेथे ठाण मांडतो. रक्तात बसवलेल्या नळीवर असा थर काही सेकंदांतच जमतो. लिओ व्रोमन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, आधी येऊन बसलेल्या प्रथिनांना मागून येणारी प्रथिने हुसकावून लावतात. यांतील फायब्रिनोजेन या प्रथिनाला रक्तातील बिंबिका चिकटतात आणि तेथून गुठळी होण्यास सुरुवात होऊ शकते. जंतूंनाही असा थर आयताच सापडतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी नळी निकामी होऊ शकते, ती यामुळे.

आता डोळ्यांकडे वळू, कारण आपल्यापैकी पुष्कळांची मुलेमुली आज कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात. मऊ लेन्सचे जनक ओट्टो विख्टर्ले हे प्रागचे रसायनशास्त्रज्ञ. पाणी शोषून मऊ राहणाऱ्या पॉलिमरविषयीचा त्यांचा व द्राहोस्लाव लीम यांचा लेख १९६० साली प्रसिद्ध झाला. १९६१ च्या नाताळात विख्टर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनामो जोडून घरीच यंत्र उभे केले व त्यावर पहिल्या लेन्स ओतल्या. साधनांची वाण असतानाही काय होऊ शकते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

या मूळ जातीच्या लेन्समध्ये सुमारे ३८ टक्के पाणी असते. तरीही लेन्सवर प्रथिने बसतातच. अश्रूंमध्ये लायसोझाइम नावाचे प्रथिन असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. ते जंतूंचा नाश करते, म्हणजे आपले रक्षकच. पण त्यावर धन विद्युतभार असतो. ऋण भाराच्या लेन्सकडे ते ओढले जाते, साचते, बिघडते आणि मग पापणीच्या आतल्या बाजूस दाह होऊ शकतो.

यावर दोन उपाय विशेष गाजले. पहिला पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा. याच्या साखळ्या पृष्ठभागावर गवताच्या पात्यांसारख्या दाट उभ्या करतात. प्रत्येक साखळी पाणी धरून ठेवते. प्रथिनाला आत शिरायचे तर ते पाणी हटवावे लागते आणि साखळ्या दाबाव्या लागतात. हे त्याला परवडत नाही. दुसरा उपाय जपानचा. आपल्या पेशींच्या आवरणावर फॉस्फोरिलकोलीन नावाचा रासायनिक गट असतो. त्यात धन आणि ऋण असे दोन्ही भार शेजारी असल्याने बेरीज शून्य होते, आणि पाणीही भरपूर धरले जाते. टोकियो येथे काझुहिको इशिहारा, नोरिओ नाकाबायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच गट असलेले पॉलिमर तयार करून १९९० च्या सुमारास त्याचे गुण मांडले. परक्या वस्तूला त्यांनी जणू पेशीचा पोशाख चढवला. आज हा गट असलेल्या लेन्स बाजारात मिळतात.

पण पालकांनो, कोणताही लेप प्रथिनांना पूर्णपणे अडवीत नाही. साचणे कमी होते, थांबत नाही. म्हणून लेन्स काढल्यावर स्वच्छ, कोरड्या हातांनी ठरलेल्या द्रावणात चोळून धुवावी. नळाचे पाणी किंवा थुंकी मुळीच लावू नये. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज ती घालून झोपू नये, आणि मुदत संपलेली लेन्स पैसे वाचवण्यासाठी वापरू नये. डोळा लाल झाला वा दुखू लागला तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

शेवटी एक विनंती. मुलगा किंवा मुलगी हुशार निघाली की आपण डॉक्टर होण्याचाच आग्रह धरतो. तो चुकीचा नाही. परंतु डॉक्टरांच्या हातातील लेन्स आणि नळी शरीराला मानवावी, म्हणून रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे खपत असतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आपल्याच राज्यात आहेत. बारावीला रसायनशास्त्रात रमणाऱ्या मुलीला "याचे पुढे काय होणार?" असे विचारून नाउमेद करू नका. तिला या संस्थांची दारे दाखवा.