सागरकिनारा, परिषदा आणि ग्रामसभा

(किनारी तालुक्यांतील अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समुद्राच्या रक्षणासाठी आज जितक्या परिषदा, परिसंवाद आणि महोत्सव भरतात, तितके पूर्वी कधीही भरत नसत. ८ जून हा जागतिक महासागर दिन, २६ जुलै हा कांदळवनांच्या रक्षणाचा दिवस, तर सप्टेंबरचा तिसरा शनिवार हा किनारा-स्वच्छतेचा दिवस. यांची परिपत्रके आपल्या कार्यालयात, शाळेत, ग्रामपंचायतीत येतात. फलक लागतो, प्रतिज्ञा होते, छायाचित्रे वरिष्ठांकडे पाठविली जातात. परंतु दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर काय उरले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आज तोच प्रश्न मला आपल्यासमोर मांडावयाचा आहे.

परिषदेतून कायद्याकडे

परिषदा निरर्थक असतात, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. १९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. तेथे श्रीमती इंदिरा गांधी यांनी गरिबी आणि पर्यावरण यांचा संबंध जगासमोर मांडला. त्यांनीच नोव्हेंबर १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला व त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. पुढे २०११ व २०१९ साली तिच्या जागी नव्या अधिसूचना आल्या.

अलीकडे केवळ महासागरांसाठी २०१७ साली न्यूयॉर्क, २०२२ साली लिस्बन व २०२५ साली नीस येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदा झाल्या. कोणत्याही एका देशाच्या हद्दीत नसलेल्या खुल्या समुद्रातील जीवसृष्टीसाठी २०२३ साली करार संमत झाला आणि जानेवारी २०२६ मध्ये तो अमलात आला. व्यासपीठावरील शब्दाला कोणीतरी वर्षानुवर्षे पाठपुरावा दिला, तरच त्याचा कायदा होतो, हे यावरून दिसते.

परंतु कायद्याची रेषा नकाशावर उमटली म्हणजे ती गावाच्या मनातही उमटते, असे नाही. १९८७ साली मालवणच्या समुद्रातील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तेथील प्रवाळ व मत्स्यसंपदा पाहता हेतू उत्तम होता. तथापि आपल्या व्यवसायावर गदा येईल, अशी भीती मच्छीमार बांधवांना वाटली आणि त्यांचा विरोध दीर्घकाळ टिकला. ज्याच्या चुलीचा प्रश्न आहे, त्याला विश्वासात घेतल्यावाचून संरक्षणाचे पाऊल पुढे पडत नाही.

वेळासचा धडा

याच्या शेजारी रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास गाव ठेवून पाहावे. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. ही अंडी पूर्वी माणसे नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली ग्रामस्थांच्या साहाय्याने घरट्यांचे संरक्षण सुरू केले. काही वर्षांतच तेथे कासव महोत्सव भरू लागला.

या महोत्सवाचे वैशिष्ट्य असे की, पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात व त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवतात. त्यामुळे कासव जगले तर गावात चार पैसे येतात, हे घरातील गृहिणीलाही पटले. किनारा पहाटे पायाखाली घालून घरटी शोधणारे ‘कासवमित्र’ गावातूनच तयार झाले. पुढे वनविभागाच्या सहभागाने हे काम कोकणातील इतर किनाऱ्यांवरही पसरले. २०२१ साली ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. आपल्या गावची वाळू किती दूरच्या किनाऱ्याशी जोडलेली आहे, हे शिक्षकांनी मुलांना नकाशावर दाखवावे.

पिल्लू पाहुण्यांसाठी थांबत नाही

महोत्सव यशस्वी झाला म्हणजे एक नवा धोका उभा राहतो, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. गाड्या भरून पाहुणे येतात. त्यांना पिल्ले पाहावयाची असतात. अंडी उबण्यास साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. नेमका दिवस कोणालाही सांगता येत नाही. अशा वेळी पहाटे निघालेली पिल्ले ‘साहेब दहा वाजता येणार आहेत’ म्हणून अडवून ठेवण्याचा मोह होऊ शकतो.

हा मोह टाळलाच पाहिजे. अंड्यातील बलकाचा थोडा साठा घेऊन पिल्लू बाहेर पडते व त्याच बळावर सुरुवातीचे दिवस पोहते. टोपलीत हातपाय मारण्यात ते बळ खर्ची पडले, तर समुद्रात ते कशाच्या आधारे तरणार? हजारात एखादेच पिल्लू मोठे होते, असे मानले जाते. त्याची संधी आपल्या समारंभापायी घटू नये. तसेच पिल्लू उजेडाच्या दिशेने धावते. म्हणून किनाऱ्यावरचे दिवे, बॅटऱ्या व छायाचित्रकारांचे झगझगीत प्रकाशझोत त्याची वाट चुकवितात. उद्घाटक उशिरा आले तर उद्घाटन पुढे ढकलावे. पिल्लांना मात्र वेळेवर सोडावे.

एक दिवस आणि अनेक दिवस

किनारा-स्वच्छतेचेही तसेच आहे. १९८६ साली अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर हा उपक्रम सुरू झाला, तेव्हापासून स्वयंसेवक कचरा केवळ उचलीत नाहीत, तर प्रत्येक वस्तूची मोजणी करून नोंद ठेवतात. कचरा कोणता, हे कळल्यावाचून तो कोठून येतो हे कळत नाही. आपल्याकडे पोती भरतात, पण वही कोरीच राहते. ती पोती पुन्हा खाडीकाठीच रिकामी झाली, तर पुढच्या भरतीला कचरा परत हजर!

मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोझ शाह यांनी शेजाऱ्यासह स्वच्छतेस प्रारंभ केला. आठवड्यामागून आठवडे हे काम चालले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. हे फळ एका दिवसाच्या समारंभाचे नव्हे, सातत्याचे होय.

आणखी एक सूचना. स्वच्छतेच्या उत्साहात यंत्र लावून वाळू खरवडू नये. वाळूवर पसरलेली मर्यादवेल हा कचरा नव्हे. तिची मुळे वाळू धरून ठेवतात. समुद्राने आपली मर्यादा पाळावी म्हणून ही वेल असते, ही आपल्या पूर्वजांची समजूत तिच्या नावातच आहे.

ग्रामसभेचे वेळापत्रक

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळू. नव्या समितीची गरज नाही. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाचीच आहे व लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. ग्रामसभांचे नेहमीचे दिवसही समुद्राच्या ऋतूंशी चांगले जुळतात.

जूनमध्ये पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते. होड्या वर ओढलेल्या असतात. मच्छीमार घरी सापडतात. म्हणून महासागर दिनाचे भाषण सभागृहात न करता, जाळी विणली जातात तेथे जाऊन त्यांचे म्हणणे ऐकावे व लिहून घ्यावे. ते टिपण १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवावे. सप्टेंबरच्या स्वच्छतेची मोजणी २ ऑक्टोबरच्या सभेत वाचावी व त्याच सभेत येत्या कासव-हंगामाचे राखणदार आणि किनाऱ्यावरील दिव्यांच्या वेळा ठरवाव्यात. २६ जानेवारीला, हंगाम ऐन भरात असताना, आढावा घ्यावा. १ मे रोजी घरटी किती, पिल्ले किती, उत्पन्न किती व ते कोणाकोणाच्या घरी गेले, याचा हिशेब द्यावा. ही आकडेवारी मुलांनी ठेवली, तर गणिताचा व निसर्गाचा पाठ एकदमच होईल.

न्यूयॉर्क किंवा नीस येथील ठराव आपल्या गावी आपोआप पोहोचत नाहीत. ते आणावे लागतात, आणि आणण्याचे साधन म्हणजे ग्रामसभेची इतिवृत्ताची वही. यापुढे एखाद्या परिषदेचे वा महोत्सवाचे निमंत्रण आले, तर आपण अवश्य जावे. परतल्यावर मात्र एक ओळ त्या वहीत लिहावी : कोणते काम, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे. तेवढी एक ओळ लिहिली गेली, तर आपला प्रवासखर्च सार्थकी लागला असे समजावे.



जय हिंद! जय महाराष्ट्र!