पाठीवर नेता येईल अशी होडी



फ्लाय फिशिंगने ट्राउट मासा धरायचा, तर होडी हवीच असं नाही. मोंटानातल्या मॅडिसन नदीत लोक मांडीभर पाण्यात उभे राहून दिवसभर गळ टाकतात. होडी लागते ती तळ्यावर. काठाला गाळ आणि पाणवनस्पती, मासे त्यांच्या पलीकडे, आणि मध्ये पाऊल टाकण्याची सोय नाही. मोठी मोटारबोट गाडीमागे ओढत आणणाऱ्यांना सल्ल्याची गरज नसते. ज्याची गाडी लहान आहे, घर भाड्याचं आहे आणि जो सुट्टीच्या दिवशी एकटाच निघतो, त्याच्यासाठी आज बोलतो.

होडीआधी दोरीबद्दल बोलायला हवं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या नकली माशीला वजन जवळजवळ नसतंच. तिला लांब नेते ती तिच्यामागची जाड, वजनदार दोरी, सुमारे २७ मीटर लांबीची. ती आधी मागे भिरकवायची, हवेत सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे सोडायची. माशी परत ओढताना सैल दोरी मांडीवर साचते आणि दिसेल त्यात अडकते. वल्ह्याची खुंटी, बुटाची नाडी, पेला ठेवायची खोबण, काहीही चालतं तिला. आणि अडकायची ती नेमकी मोठा मासा लागून पळायला लागल्यावर! म्हणून दुकानात ज्या होडीला कड्या, पट्टे आणि कप्पे जास्त, ती मी आधी बाजूला सारतो. विक्रेत्याला वाटतं, हा पैशांचा विचार करतोय.

माझं मत पहिल्या होडीपुरतं फ्लोट ट्यूबच्या बाजूने आहे. इंग्रजी व्ही किंवा यू अक्षराच्या आकाराची, हवा भरायची बैठक. वजन साधारण पाच ते सात किलो. छातीपर्यंत येणारे वेडर्स, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या विजारी, घालायचे, पायात पोहण्याचे फिन चढवायचे आणि उलट्या पावली पाण्यात शिरायचं. बसल्यावर पाय पाण्यात राहतात. फिन मारले की आपण पाठीच्या दिशेने सरकतो आणि दोन्ही हात गळाला मोकळे राहतात. पूर्वी ट्रकच्या ट्यूबवर जाड कापडाची खोळ शिवून मध्ये बैठक लावत. आपल्याकडच्या धरणांवर ट्यूबवर बसून जाळी लावणारे मच्छीमार ज्यांनी पाहिलेत, त्यांना याचं नवल वाटणार नाही. मात्र ती जुनी बंद गोल ट्यूब घेऊ नका. अडचणीच्या वेळी तिच्यातून पाय लवकर निघत नाहीत.

या बुटक्या बैठकीचा फायदा पाहायचा तर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दाराजवळचं हेब्गेन जलाशय पाहावं. जुलै-ऑगस्टच्या शांत सकाळी कॅलिबीटिस जातीचे मेफ्लाय पाण्यावर उतरतात आणि ट्राउट रांगेने एकेक किडा टिपत फिरतात. तोंड उघडून मिटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. पुढचं तोंड कुठे वर येईल याचा अंदाज बांधून माशी आधीच त्या वाटेवर ठेवायची. अंदाज चुकला, की मासा शांतपणे शेजारून जातो. पाण्यालगत बसलेल्या माणसाला हे मासे फारसे बुजत नाहीत, अगदी जवळ येतात. खाली बसून दोरी लांब जात नाही, मागची फेक पाण्यावर आपटते, ही तक्रार खरीच. पण इथे लांब फेकायचंय कुणाला?

खरा वैरी वारा. दुपारी तो उठला की फिन मारून पाय भरून येतात आणि काठ तिथल्या तिथे. म्हणून सकाळी वाऱ्याच्या तोंडावर जाऊन ठेवावं, म्हणजे परतताना तोच आपल्याला गाडीकडे ढकलतो. तळं फार मोठं असेल तर पॉन्टून बरी: दोन फुगीर नळ्या, वर धातूचा सांगाडा, दोन वल्ही. ती वाऱ्याला दाद देत नाही, पण जोडायला वेळ लागतो आणि एकट्याने उचलून लांब नेणं कठीण. कयाक वेगवान खरी, पण हात वल्ह्यात गुंततात आणि ती टपावर चढवताना शेजाऱ्याला हाक मारावी लागते.

फ्लोट ट्यूब वाहत्या नदीत मुळीच नेऊ नका. लोंबते पाय खडकात किंवा बुडालेल्या ओंडक्यात अडकले, की प्रवाह माणसाला उलटा करतो. तळ्यावरही जीवरक्षक जाकीट हवंच.

हवेचंही एक तंत्र आहे. यलोस्टोन लेक २,३५७ मीटर उंचीवर आहे. खालच्या गावात ट्यूब ताठ फुगवून डोंगर चढलात, तर वर हवेचा दाब कमी असल्याने ती आणखी ताणते. भर उन्हात काठावर ठेवलीत तर शिवण उसवायची. उलट गार पाण्यात उतरल्यावर ती मऊ पडते. म्हणून हवा काठावर भरावी, पाण्यात पाच मिनिटं ठेवावी आणि मग पंपाचे चार दट्टे आणखी द्यावेत.

आणि यलोस्टोन पार्कात जाणार असाल तर फ्लोट ट्यूबलाही बोटीचा परवाना आणि तपासणी लागते. न्यूझीलंडची चिमुकली मड स्नेल गोगलगाय तिथल्या नद्यांत आधीच शिरली आहे, आणि अशी पाहुणी मंडळी ओल्या सामानावरून पुढच्या पाण्यात जातात. फेल्टच्या तळव्याचे बूट तिथे चालत नाहीत ते याच कारणाने. फिनचे पट्टे, वेडर्सच्या शिवणी आणि बैठकीखालचा कप्पा इथे ओल दडून राहते. ते सगळं धुऊन, पूर्ण वाळवूनच ट्यूबची घडी घाला.