यंत्र लहान, पण मालकी कोणाची?

(पक्ष कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजचा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटले असेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे विषय सोडून मोठ्या दुकानातल्या स्वस्त विजेच्या सायकलीवर काय बोलायचे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या वस्तूसाठी रखवालदार, घरकामगार किंवा घरपोच माल पोचवणारा तरुण पंचवीस-तीस हजार रुपये, म्हणजे आपली दोन-दोन महिन्यांची मिळकत, मोजावयास तयार होतो, तिचे अर्थकारण समजून घेणे हे आपले कामच आहे.

प्रथम या वस्तूचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या वाहनाच्या मोटारीची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत असते, ते मोटार वाहन समजले जात नाही. त्याला नोंदणी नको, परवाना नको, पेट्रोल तर नकोच. वीज संपली तर पायडल मारून घरी येता येते. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला होता. विजेवर चालणारे, पण माणसाच्या आटोक्यात राहणारे यंत्र त्यांना अभिप्रेत होते. विजेची सायकल हे अशा लहान यंत्राचे चांगले उदाहरण ठरू शकेल. ते तसे ठरत आहे काय, हाच आजचा प्रश्न आहे.

येथे थोडे गणित मांडू. स्वस्त सायकलीत बहुधा ३६ व्होल्टची, साडेसात-आठ अँपिअर-तासांची बॅटरी असते. तिच्यात सुमारे २८० वॅट-तास वीज मावते. भरताना वाया जाणारी वीज धरली तरी एका भरणीस एक-तृतीयांश युनिट पुरते. युनिटचा दर १० रुपये धरला, तर खर्च सव्वातीन रुपये. तेवढ्यात २५ किलोमीटर गेलो, तर किलोमीटरला तेरा पैसे पडतात. जाहिरातीत हाच आकडा ठळक छापलेला असतो.

परंतु बॅटरीही झिजते. उदाहरणादाखल समजा, नवी बॅटरी १२ हजारांना मिळते आणि ५०० भरण्यांनंतर बदलावी लागते. ५०० गुणिले २५ म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ ९६ पैसे केवळ बॅटरीच्या झिजेचे झाले. विजेच्या खर्चाच्या हे सातपट आहेत. शिवाय जुनी होत जाणारी बॅटरी शेवटपर्यंत २५ किलोमीटर देत नाही, आणि नुसती ठेवली तरी, विशेषतः उन्हाळ्यात, तिचे आयुष्य कमी होतेच. तात्पर्य, या वाहनाचा खरा चालू खर्च म्हणजे बॅटरी. ती पुन्हा मिळेल काय, कोठे मिळेल आणि कोणत्या भावाने, यावरच सायकल स्वस्त की महाग हे ठरते.

आपल्या साध्या सायकलीशी तुलना करून पाहा. तिची चेन, टायर, ब्रेकचे रबर कोणत्याही गावात मिळते आणि कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला ते बसवून देतो. सुटे भाग प्रमाणित असल्यामुळे कोणा एका कंपनीची तिच्यावर सत्ता चालत नाही. मोठ्या दुकानातल्या स्वस्त विजेच्या सायकलीचे तसे नसते. बॅटरीच्या पेटीचा आकार वेगळा, जोडणी वेगळी, नियंत्रक वेगळा. एकगठ्ठा खरेदी करायची, मोठ्या प्रमाणावर विकायची आणि सुट्या भागांचा साठा शक्य तितका कमी ठेवायचा, हे या व्यापाराचे तंत्र आहे. भाव खाली येतो तो काही अंशी याच तंत्रामुळे. पुढे ते मॉडेल बंद झाले आणि बॅटरी मिळेनाशी झाली की सांगाडा, चाके, मोटार शाबूत असूनही सायकल भंगारात जाते. दुकानदाराने वाचवलेला खर्च अशा रीतीने गिऱ्हाइकाच्या अंगावर पडतो. आणि दुरुस्तीचे दालन शहराबाहेरच्या मॉलमध्ये असेल, तर तालुक्याच्या गावातल्या गिऱ्हाइकाने सायकल टेम्पोत घालून तेथे न्यायची!

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मोठे दुकान वाईट आणि छोटे दुकान चांगले, असा सोपा निष्कर्ष काढता कामा नये. मोठे दुकान निदान पावती देते, हमीपत्र देते. उलट अनेक छोट्या ठिकाणी कसलाही कागद नसलेल्या बॅटऱ्या विकल्या जातात. लिथियम बॅटरी हा खेळ नव्हे. न्यूयॉर्क शहरात विजेच्या सायकलींच्या बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत माणसे दगावली. या सायकलींवर तेथील घरपोच सेवा देणाऱ्या कामगारांचे पोट चालते. शेवटी प्रमाणपत्र नसलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीला २०२३ साली कायद्याने बंदी करावी लागली. तेव्हा सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून बॅटरीला कुलूप लावून किल्ली कंपनीकडे देणे योग्य नाही. दुरुस्तीवाल्याला प्रशिक्षण आणि प्रमाणित सुटे भाग मिळाले पाहिजेत.

आता सरकारी धोरणाकडे वळू. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला व त्यात विजेच्या सायकलीही आल्या. साध्या सायकलीवर मात्र २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के कर चालू राहिला. सायकलीबरोबर आलेल्या बॅटरीला ५ टक्के कर, आणि तीच बॅटरी बदलण्यासाठी सुटी घेतली तर १८ टक्के! जुनी दुरुस्त करू नका, नवी घ्या, असाच या करपद्धतीचा उपदेश आहे. २०१९ साली दहा हजार कोटींची ‘फेम’ योजनेची दुसरी फेरी आली. तिच्या अनुदानात पायडलच्या विजेच्या सायकलीला स्थान नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या राज्याने अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. त्या सेतूवर दुचाकीला पाऊल ठेवण्याचीही मुभा नाही. विजेच्या वाहनाचे कौतुक आहे. परंतु ते कोणत्या वर्गाच्या वाहनाचे आहे, हे आपण ओळखले पाहिजे.

मग मागणी काय करावयाची? युरोपीय संघाने २०२३ साली बॅटरीविषयक कायदा केला. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून सायकलीसारख्या हलक्या वाहनांची बॅटरी, इतकेच नव्हे तर तिच्यातला एकेक सेल, स्वतंत्र कारागिराला काढता-बदलता आला पाहिजे. आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे बॅटरी वाजवी भावात मिळाली पाहिजे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तो विचार बंधनकारक कायद्यापर्यंत पोचला पाहिजे. सुट्या बॅटरीवरचा कर वाहनाइतकाच असला पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सायकल कारागिरांसाठी अल्प मुदतीचे वर्ग निघाले पाहिजेत. आणि ज्या गावांत आपली शक्ती आहे, तेथे सायकल दुरुस्तीवाल्यांच्या सहकारी संस्था आपणच उभ्या केल्या पाहिजेत. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

कायदा होईपर्यंत खरेदी थांबणार नाही. म्हणून आपल्या वस्तीत कोणी सायकल घेऊ लागला, तर त्याला चार गोष्टी सांगा. सुट्या बॅटरीचा आजचा भाव लेखी माग. बॅटरीची हमी किती महिन्यांची आणि कोणत्या अटींवर, ते वाच. पावतीवर बॅटरीचा क्रमांक घालून घे. आणि मोटार बंद ठेवून सायकल चालवून पाहा, कारण वीस-बावीस किलोचे ते ओझे बॅटरी संपल्यावर त्यालाच ओढायचे आहे. एवढे करूनही फसवणूक झाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तो राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क पडत नाही. अर्ज लिहून देणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

यंत्र लहान असले म्हणजे ते आपोआप माणसाचे होत नाही. ज्याला ते उघडता येते, दुरुस्त करता येते, त्याचेच ते होते. या दृष्टीने पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकाने आपल्या भागातल्या दोन सायकल दुरुस्तीवाल्यांना भेटावे, त्यांच्याकडे विजेच्या किती सायकली येतात आणि कशासाठी परत पाठवाव्या लागतात याची टिपणे आणावीत. त्या टिपणांवरूनच आपले निवेदन तयार होईल.