सगळ्यांच्या मागून जेवणारी
(महिला आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



माझं डोहाळजेवण थाटात झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, पाच प्रकारचे भात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर मी पातेल्यात पाहिलं, तर तळाशी चमचाभर वरण. भाकरी लोणच्याशी खाल्ली आणि वर चहा प्यायले. हिमोग्लोबिन आठ निघालं तेव्हा डॉक्टर मलाच रागावले, "खात का नाही?" मी मान खाली घातली. तो प्रश्न खरं तर घराला विचारायला हवा होता.

गरोदरपणात हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. पण तो दिवस गेल्यावरच सुरू होतो असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला.

बाळाच्या मेंदूचा नि मणक्याचा पाया गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत घातला जातो. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन आपण दवाखान्यात जाईपर्यंत ते काम बहुधा उरकलेलं असतं. त्यासाठी फोलिक आम्ल आधीपासून अंगात हवं. म्हणून मूल हवं असं ठरलं की त्याच्या गोळ्या सुरू करायच्या.

या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतली. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचं मूळ तिला त्यांच्या निकृष्ट आहारात दिसलं. यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बऱ्या झाल्या. त्यातलं फोलिक आम्ल पुढे ओळखलं गेलं.

मग खायचं काय? महागडी पावडर नको. बाजरी-नाचणीची भाकरी, घट्ट डाळ, मोडाची उसळ, पालेभाजीवर लिंबू, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं. चहा जेवणाबरोबर नको, त्याने लोह अंगी लागत नाही. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज, निदान १८० दिवस. "जास्त खाल्लंस तर मूल मोठं होऊन अडेल" हे ऐकू नका. अर्धपोटी राहिल्याने बाळंतपण सोपं होत नाही. बाळ कमी वजनाचं होतं आणि आई खंगते.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर बाईला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. योजनेत मात्र पैसे पहिल्या मुलाला, आणि दुसरी मुलगी झाली तरच. तिसऱ्या खेपेच्या बाईला भूक लागत नाही काय? हे आपण विचारत राहू.

पण आज घरी गेल्यावर एक करा. सगळी ताटं एकाच वेळी वाढा, त्यात आपलंही. लेकीच्या ताटात भावाइतकंच वाढा. तिच्या गरोदरपणाची तयारी तिथूनच सुरू होते. कुणी बघत राहिलं, तर बघू दे. आपण जेवायचं.