आत बसविलेली माय
(फैजपूर येथे समाजाच्या महिला मेळाव्यात एका मातेने केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहण्याचा मला सराव नाही. ‘आईचे प्रेम’ या विषयावर चार शब्द बोलावेत, असा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. कारण या विषयावर खरे बोलावयाचे, तर माझी एक चूक सांगावी लागणार होती. ती सांगण्याचे ठरवूनच आज मी आले आहे.

माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. खेडेगावी भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांच्यासारख्या थोर चित्रकाराने साध्या बांबूंनी सारे नगर सजविले होते. सासूबाई वडिलांबरोबर बैलगाडीने ते पाहावयास आल्या होत्या. ती हकीकत त्या सांगू लागल्या, की तव्यावरची भाकरी करपत असे. सांगत अर्थातच आपल्या लेवा बोलीत, ‘मले’, ‘तुले’ करीत.

एकदा आमच्या घरी शहरातील सुशिक्षित पाहुणे आले. सासूबाईंनी आपली हकीकत आरंभिली. कोणी हसले नाही, कोणी तोंड फिरविले नाही. लाज वाटली ती मलाच. मी म्हणाले, “आई, तुम्ही जरा आत बसता का?” त्या मुकाट्याने उठल्या. माझी दहा वर्षांची मुलगी दारात उभी राहून हे पाहत होती.

पुढे तीच मुलगी शिक्षणासाठी पुण्यास गेली. मी भरीत आणि कळण्याची भाकरी बांधून तिला भेटावयास गेले. तिच्या मैत्रिणी जमल्या. मी हौसेने बोलू लागले, तो ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, तू फार बोलू नकोस ना.” त्या रात्री मला झोप आली नाही. परंतु मुलीला काय बोल लावावा? जे वाण मी वाटले होते, तेच माझ्या पदरात परत पडले होते.

भगिनींनो, असोद्याच्या लेकी बहिणाबाई चौधरी आपल्याच समाजातील. त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या आपल्या बोलीत गाणी रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः नामवंत कवी. परंतु त्यांना आईच्या बोलीची लाज वाटली नाही. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. त्या माउलीला कोणी ‘आत बसा’ म्हटले असते, तर महाराष्ट्र केवढ्या धनास मुकला असता!

पुण्याहून परतल्यावर मी सासूबाईंजवळ बसले. क्षमा मागितली आणि अधिवेशनाची हकीकत पुन्हा सांगा, अशी विनवणी केली. तोवर त्यांनी ऐंशी ओलांडली होती. माझ्या पाठीवरून हात फिरवीत त्या म्हणाल्या, “मले आता आठवत नाही, माय.”

दिवाळीस मुलगी घरी आली. मी तिला सारे सांगितले. आम्हा दोघींना जेवढे आठवत होते, तेवढे तिने आजीच्याच शब्दांत वहीत उतरविले. वही चार पानांचीच झाली. उरलेले गेले, ते माझ्यामुळे गेले.

आपण मुलांसाठी खस्ता खातो, त्यास प्रेम म्हणतो, आणि ते खरेही आहे. तथापि जी आई स्वतःला कमी लेखते, ती मुलांनाही तोच वारसा देते. आपण जशा आहोत तशा प्रथम आपल्याला आवडू या. आज घरी गेल्यावर आपल्या घरातील वृद्ध मातेस बाहेर बैठकीत बसवा, आणि तिचे बोलणे तिच्याच बोलीत ऐका. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.