तेलात चमकलेला कण

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ला मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, हे आपल्याला माहीतच आहे. याच बेलोऱ्यासाठी वैमानिक प्रशिक्षण केंद्राचीही आखणी झाली आहे. शिकाऊ वैमानिकांची विमानं छोटी, बहुतेक एकाच इंजिनाची. म्हणून त्या इंजिनाची दुखणी आधीच ओळखावी लागतात.

पहिला साक्षीदार म्हणजे तेल. पेट्रोलवर चालणाऱ्या अशा इंजिनाचं तेल साधारण ५० तासांच्या उड्डाणानंतर बदलतात. जुना फिल्टर मात्र फेकत नाहीत. तो कापून आतला घड्यांचा कागद पिळून, उलगडून उजेडात धरतात. कण चमकला की लोहचुंबक फिरवायचा. चिकटला तर पोलाद, म्हणजे कदाचित कॅमशाफ्ट झिजतोय. चिकटला नाही आणि पांढरट दिसला, तर पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. नव्या इंजिनात थोडे कण निघतातच. दर वेळी वाढत गेले, तर काळजी.

दुसरी तपासणी कानांची, आणि मला तीच फार मोलाची वाटते. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा सोडतात. एक जण विमानाचा पंखा घट्ट धरून ठेवतो, कारण तो अचानक फिरला तर जीवावर बेतेल. दुसरा गळती ऐकतो. धुराड्यातून सूं आवाज आला, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तेल भरायच्या तोंडातून आला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. मग बारीक कॅमेरा आत सोडून व्हॉल्व्हची कड जळली आहे का, ते पाहतात.